बर्कमस्टेडचा नॉर्मन किल्ला : इतिहास आणि संरक्षणाचा प्रश्न

प्रास्ताविक

इंग्लंडमधील मध्ययुगीन किल्ल्यांचा विचार करताना सामान्यतः लंडनचा टॉवर, डोव्हर, विंडसर किंवा रोचेस्टर यांची नावे पुढे येतात. हर्टफर्डशायर परगण्यातील बर्कमस्टेड या छोट्या नगराचा किल्ला या मालिकेत क्वचितच स्थान मिळवतो. तेथे उंच मनोरे नाहीत, शस्त्रागार नाही, राजमुकुट नाहीत. मातीचे एक उंच टेकाड, गवताने झाकलेले बांध, बहुतांशी कोरडे असलेले खंदक आणि गारगोटीच्या दगडांच्या पडक्या तटभिंती एवढेच अवशेष आज दिसतात. असे असूनही स्मारकांच्या संरक्षणाच्या इतिहासात या किल्ल्याचे स्थान मोलाचे आहे. विकासाच्या कामापासून कायद्याने संरक्षण मिळालेली ब्रिटनमधील पहिली वास्तू म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. हे संरक्षण १८३३ साली, लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्गाला मंजुरी देणाऱ्या कायद्याद्वारे मिळाले.

तथापि, याच लोहमार्गाच्या भरावाखाली किल्ल्याच्या दक्षिणेकडील बाह्य खंदकाचा भाग आणि प्रवेशद्वाराचे अवशेष गडप झाले, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. ज्या कायद्याने किल्ला वाचवला, त्याच कायद्याने त्याचा दरवाजा नष्ट होऊ दिला. ही विसंगती कशी घडली, आणि १८३३ साली नेमके कशाचे रक्षण झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्थान व बांधणी

बर्कमस्टेड लंडनच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर, चिल्टर्न टेकड्यांमधून वाहणाऱ्या बुलबोर्न या लहानशा नदीच्या खोऱ्यात आहे. लंडनहून मध्य इंग्लंडकडे जाण्यासाठी टेकड्यांमधून जी मोजकी नैसर्गिक वाट उपलब्ध आहे, ती याच खोऱ्यातून जाते. रोमनांचा रस्ता येथूनच गेला, पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड जंक्शन कालव्याचे काम येथूनच झाले आणि एकोणिसाव्या शतकात लोहमार्गही येथूनच टाकण्यात आला. किल्ला ज्या कारणासाठी येथे बांधला गेला, त्याच कारणामुळे पुढे तो धोक्यात आला, ही बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे. घाट राखण्यासाठी बांधलेल्या आपल्याकडील किल्ल्यांच्या पायथ्याशी आधुनिक रस्ते आणि बोगदे येऊन भिडतात, त्यामागचे भूगोलाचे तर्कशास्त्र वेगळे नाही.

नॉर्मन किल्ल्याचे मूळ स्वरूप अगदी साधे होते. खंदक खणून निघालेली माती एका जागी रचून गोलाकार टेकाड उभारायचे, त्यावर लाकडी आणि कालांतराने दगडी बालेकिल्ला बांधायचा आणि पायथ्याशी बांध व कुंपण घालून एक आवार तयार करायचे. या टेकाडाला मॉट आणि आवाराला बेली असे म्हणतात. डोंगराचा आधार नसल्याने मराठी वाचकाने याची तुलना गिरिदुर्गाशी न करता भुईकोटाशी करावी. बर्कमस्टेडचे टेकाड बारा-चौदा मीटर उंच असून त्यावर पूर्वी सुमारे १८ मीटर व्यासाचा वर्तुळाकार दगडी तट होता. आवार साधारण १३० मीटर लांब आणि ९० मीटर रुंद आहे. बहुतेक नॉर्मन किल्ल्यांना एकच खंदक असतो. येथे मात्र एकाबाहेर एक असे दोन खंदक आहेत. खोऱ्याच्या तळाशी पाणी सहज उपलब्ध असल्याने हे शक्य झाले. डोंगराची उंची नाही, ती उणीव पाण्याने भरून काढली, असे म्हणता येईल.

या किल्ल्याच्या उभारणीत खणणाऱ्याचे महत्त्व किती होते, याची एक नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात सापडते. त्या वेळी बर्कमस्टेड हे विजेता विल्यमचा सावत्र भाऊ रॉबर्ट, मॉर्तेंचा काउंट, याच्याकडे होते. तेथील ५२ नगरवासीयांबरोबरच काउंटच्या एका खंदक खणणाऱ्याचा उल्लेख त्या नोंदीत आहे आणि त्याच्याकडे अर्धा हाइड जमीन होती. किल्ल्यांच्या इतिहासात राजे आणि सरदार विपुल भेटतात; खंदक खणणारा क्वचितच भेटतो, आणि त्याचेही नाव दिलेले नाही.

सत्तेचे केंद्र

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरोल्ड मारला गेला. परंतु लंडन लगेच शरण आले नाही. विल्यमने नदीच्या दक्षिणेकडून वळसा घेतला, वॉलिंगफर्ड येथे टेम्स ओलांडली आणि शहराला वेढा घातल्यासारखी चाल केली. अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीनुसार यॉर्कचा आर्चबिशप एल्ड्रेड, सॅक्सन राजवंशाचा वारस एडगर एथेलिंग, एडविन व मॉर्कार हे सरदार आणि लंडनचे प्रमुख नागरिक यांनी बर्कमस्टेड येथे त्याला शरण जाऊन निष्ठेची शपथ घेतली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर येथे विल्यमचा राज्याभिषेक झाला. शरणागतीच्या वेळी किल्ला उभा होता असे मानण्यास मात्र आधार नाही; तो नंतर, बहुधा रॉबर्टच्या पुढाकाराने, उभारला गेला.

पुढे किल्ला राजाच्या ताब्यात गेला. दुसऱ्या हेन्रीने ११५५ मध्ये तो आपला चॅन्सेलर टॉमस बेकेट याच्याकडे सोपवला आणि त्याच्या काळात येथे मोठे बांधकाम झाले. राजा आणि बेकेट यांचे बिनसल्यावर ११६४ च्या नॉर्दॅम्प्टन सभेत बेकेटकडे ज्या रकमांचा हिशेब मागण्यात आला, त्यात आय व बर्कमस्टेड या जहागिरींच्या उत्पन्नापोटीचे ३०० पौंड होते. बेकेटचे उत्तर असे होते की, याहून अधिक रक्कम आपण या वास्तूंच्या व लंडनमधील राजवाड्याच्या दुरुस्तीवर खर्च केली आहे. किल्ल्याची दुरुस्ती हा राजकीय खटल्यातील पुरावा ठरल्याचे हे उदाहरण आहे. कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात ११७० मध्ये झालेल्या बेकेटच्या हत्येकडे नेणाऱ्या संघर्षात बर्कमस्टेडच्या हिशेबाचाही वाटा होता.

किल्ल्याची खरी कसोटी १२१६ च्या डिसेंबरमध्ये लागली. राजा जॉन ऑक्टोबरमध्ये मरण पावला होता आणि गादीवर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री होता. बंडखोर सरदारांनी बोलावलेला फ्रान्सचा राजपुत्र लुई हर्टफर्डचा किल्ला जिंकून बर्कमस्टेडवर चालून आला. किल्लेदार वालेरान हा जर्मन होता. वेढा घालणारे तंबू ठोकत असतानाच शिबंदीने बाहेर पडून त्यांच्यावर छापा घातला आणि सामानसुमान व एक निशाण पळवून नेले. त्याच दिवशी शत्रू जेवायला बसला असता पुन्हा हल्ला केला. दगड फेकणाऱ्या यंत्रांचा मारा सुमारे दोन आठवडे चालला. अखेर २० डिसेंबरला, राजाच्या आज्ञेने, शिबंदीने घोडे व शस्त्रांसह बाहेर पडण्याच्या अटीवर किल्ला सोडला. खंदकांच्या बाहेर उत्तर व पूर्व बाजूंस मातीचे जे चौथरे दिसतात, ते याच यंत्रांसाठी रचले गेले असावेत असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ते किल्ल्याच्याच बाह्य संरक्षणाचा भाग आहेत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

यानंतरचा काळ वैभवाचा होता. तिसऱ्या हेन्रीचा भाऊ रिचर्ड, कॉर्नवॉलचा अर्ल, याने येथे निवासस्थान केले आणि १२५४ मध्ये तीन मजली मनोरा बांधला. १२५७ मध्ये जर्मनीत राजा म्हणून निवडला गेलेला हा श्रीमंत सरदार २ एप्रिल १२७२ रोजी याच किल्ल्यात मरण पावला. १३३७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने डची ऑफ कॉर्नवॉलची स्थापना करून ती आपल्या ज्येष्ठ पुत्राला, म्हणजे पुढे ब्लॅक प्रिन्स म्हणून प्रसिद्ध झालेल्या एडवर्डला दिली, तेव्हा बर्कमस्टेडही त्यात होते. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत कैद झालेला फ्रान्सचा राजा दुसरा जॉन काही काळ येथे नजरकैदेत होता. १३८९ मध्ये राजाच्या बांधकामांचा कारकून म्हणून नेमल्या गेलेल्या जेफ्री चॉसर या कवीच्या देखरेखीखालील वास्तूंमध्येही हा किल्ला मोडत असे.

शेवटची राजघराण्यातील रहिवासी म्हणजे चौथा एडवर्ड व तिसरा रिचर्ड या दोन राजांची आई सेसिली नेव्हिल. ती १४९५ मध्ये येथे वारली आणि त्यानंतर किल्ला ओस पडला. तोफांच्या काळात अशा भुईकोटाचे लष्करी मोल उरले नव्हते.

दगडांची वाट

१५८० मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने ही जागा सर एडवर्ड केरी याला भाडेपट्ट्याने दिली. भाडे नाममात्र होते : दरवर्षी एक तांबडे गुलाबाचे फूल. केरीने जवळच्या उंचावर बर्कमस्टेड प्लेस हा वाडा बांधला आणि त्यासाठी किल्ल्याचे दगड नेले. चिल्टर्नचा प्रदेश चुनखडीचा आहे. तेथे गारगोटी मुबलक मिळते, पण घडीव बांधकामाला लागणारा चांगला दगड दुरून आणावा लागतो. त्यामुळे तटाचे कोपरे, चौकटी आणि बाहेरचे घडीव चिरे आधी गेले. गारगोटी आणि चुना यांचा आतला भरताड गाभा कोणाच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून तो राहिला. आज पर्यटक ज्याला तट म्हणून पाहतात, तो वास्तविक तटाचा गाभा आहे. केरीचा तो वाडाही १९६७ मध्ये पाडण्यात आला; म्हणजे किल्ल्याचे दगड दोनदा आपल्या जागेवरून हलले.

१८३३ चा कायदा : कशाचे संरक्षण?

लंडन ते बर्मिंगहॅम या सुमारे १८० किलोमीटर लांबीच्या लोहमार्गाचा मुख्य अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन होता. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसल्याने चिल्टर्न ओलांडण्यासाठी त्याला बुलबोर्नचे खोरे निवडावे लागले. आसपासचे बडे जमीनदार खवळले. हेमेल हेम्पस्टेडजवळ राहणारे नामांकित शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांच्यापासून अर्ल ऑफ एसेक्सपर्यंत अनेकांनी विरोध केला. १८३२ मध्ये कॉमन्स सभेने संमत केलेले विधेयक उमरावांच्या सभेच्या समितीत अडले. ॲशरिजच्या जहागिरीशी संबंधित लॉर्ड ब्राउनलो यांनी तेथे मांडलेल्या ठरावाचा आशय असा होता की, एवढ्या मोठ्या संख्येने विरोध करणाऱ्या मालकांच्या जमिनीतून लोहमार्ग सक्तीने नेण्याइतके सबळ कारण प्रवर्तकांनी सिद्ध केलेले नाही.

या ठरावातील शब्द मालकांविषयी आहेत. इतिहासाविषयी त्यात काही नाही. वर्षभराच्या वाटाघाटींत जमिनींच्या मोबदल्याची तरतूद मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आली आणि विरोध मावळला. मे १८३३ मध्ये विधेयकाचा कायदा झाला. किल्ल्याचे रक्षण करण्याचे बंधन कंपनीवर घालणारी तरतूद याच कायद्यात आहे. तिच्यामागे पुरातत्त्वाविषयीची आस्था मुळीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांमुळे मध्ययुगीन अवशेषांचे आकर्षण त्या पिढीत वाढले होतेच. परंतु कायद्याची रचना पाहता, ही तरतूद राष्ट्रीय वारशाच्या कल्पनेपेक्षा मालमत्तेच्या सौद्याच्या अधिक जवळची वाटते. किल्ला डची ऑफ कॉर्नवॉलचा होता, म्हणजेच राजघराण्याचा. सभोवतालची जमीन उमरावांची होती. या दोघांनाही डावलून कोणताही कायदा संमत होणे शक्य नव्हते.

म्हणूनच संरक्षणाची रेषा जेथे आखली गेली, तेथे ती अभियांत्रिकीच्या सोयीनुसार वाकली. मुख्य आवार व टेकाड वाचले. दक्षिणेचा बाह्य खंदक आणि प्रवेशद्वाराची बाजू भरावाखाली गेली. १८३७ मध्ये युस्टनहून ट्रिंगपर्यंत आणि सप्टेंबर १८३८ मध्ये बर्मिंगहॅमपर्यंत गाड्या सुरू झाल्या. १८७५ मध्ये मार्गाची रुंदी वाढवताना नवीन स्थानक बांधले गेले, तेच आजही वापरात आहे. त्याच्या फलाटावरून टेकाड आणि तट स्पष्ट दिसतात.

या घटनेचे महत्त्व भारतातील समकालीन अनुभवाशी ताडून पाहिल्यास अधिक कळते. स्टीफन्सन हा पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू करणारा जेम्स बर्कली हा त्याचाच शिष्य होता. त्याच दशकात लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या कामासाठी हडप्पाच्या टेकाडांतील विटा खडीप्रमाणे वापरण्यात आल्या. सुमारे १०० मैलांच्या मार्गाला पुरतील इतक्या विटा तेथून निघाल्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी नोंदवले आहे. हडप्पाच्या ढिगाऱ्यांचे प्राचीनत्व तेव्हा कोणास ठाऊक नव्हते हे खरे. पण बर्कमस्टेडची तरतूद तरी केवळ प्राचीनत्वाच्या ज्ञानावर कोठे उभी होती? हडप्पाला उमरावांच्या सभेत मत असणारा शेजारी नव्हता, हा फरक निर्णायक ठरला.

जहागीरदार आणि सार्वजनिक माळ

ब्राउनलो घराण्याचा पुढचा प्रसंग या विवेचनाला पूरक आहे. १८६० च्या दशकात डचीने बर्कमस्टेडची जहागीर या घराण्याला विकली. किल्ला मात्र स्वतःकडे ठेवला. नव्या मालकांनी नगराजवळच्या सामायिक माळाभोवती उंच लोखंडी कुंपण घातले. गुरे चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा रहिवाशांचा परंपरागत हक्क त्यामुळे बुडाला. ऑगस्टस स्मिथ या स्थानिक जमीनमालकाने, १८६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटीच्या पाठिंब्याने, एक धाडसी उपाय योजला. ६ मार्च १८६६ च्या रात्री युस्टनहून खास गाडीने शंभराहून अधिक मजूर ट्रिंगला आणले गेले. त्यांनी पायी येऊन पहाटेपर्यंत कुंपण उपटले आणि लोखंडी गज व्यवस्थित रचून ठेवले. ज्या लोहमार्गाला जमीनदारांनी अडवले होते, त्याच मार्गाने ही माणसे आली. खटला १८७० मध्ये स्मिथच्या बाजूने सुटला.

या खटल्याचा किल्ल्याशी थेट संबंध नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु १८३३ मध्ये जे गृहीत होते, म्हणजे जागेचे रक्षण मालकाच्या इच्छेने होते, ते येथे प्रथमच उलटे झाले. मालकाच्या इच्छेविरुद्ध, वापरणाऱ्यांच्या हक्कासाठी जागा राखली गेली. या संस्थेचे वकील रॉबर्ट हंटर हेच पुढे १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक होते.

कायद्याची वाटचाल

याउलट संसदेची गती मंद होती. सर जॉन लबक यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. त्याची यादी ६८ स्मारकांची, मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांची होती. मध्ययुगीन किल्ले त्यात नव्हते आणि मालकाने संमती दिली तरच सरकार देखभाल स्वीकारू शकत असे. १९०० मध्ये मध्ययुगीन वास्तू कक्षेत आल्या. मालकाच्या मर्जीविरुद्धही स्मारक राखण्याचा अधिकार सरकारला १९१३ च्या कायद्याने मिळाला. या कायद्यामागे लॉर्ड कर्झन यांचा मोठा प्रभाव होता. भारतात त्यांच्याच कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला होता. इंग्लंडला परतल्यावर १९११ मध्ये टॅटर्शलचा किल्ला मोडीत निघत असल्याचे पाहून त्यांनी तो विकत घेतला. संरक्षणाचा विचार नेहमी लंडनहून वसाहतीकडेच वाहत होता, हे गृहीतक या क्रमाने तपासून पाहण्यासारखे आहे.

बर्कमस्टेडचा किल्ला १९३० च्या सुमारास देखभालीसाठी सरकारच्या बांधकाम खात्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनमधील काही सार्वजनिक पुतळे आणून या आवारात ठेवण्यात आले होते. ज्याचे स्वतःचे छप्पर साडेचार शतकांपूर्वी गेले होते, तो किल्ला राजधानीच्या पुतळ्यांचे आश्रयस्थान झाला. पुढे व्यवस्था इंग्लिश हेरिटेजकडे गेली. मालकी अद्याप डचीचीच आहे. आज हा किल्ला १९७९ च्या कायद्याखालील अनुसूचित स्मारक असून परवानगीशिवाय तेथे खोदकाम करता येत नाही. भारतात २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात नियंत्रण आहे. ही मोजपट्टी बर्कमस्टेडला लावली, तर रेल्वेस्थानक, लोहमार्ग आणि नगरातील काही घरे मनाईच्या पट्ट्यात येतील.

दक्षिणेकडील भरावाचा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने सुटणारा नाही. १८३३ मध्ये तो आक्रमण होता. आता त्यालाही जवळपास १९० वर्षे झाली आहेत आणि स्टीफन्सनच्या पहिल्या मोठ्या लोहमार्गाचा भाग म्हणून औद्योगिक पुरातत्त्वाचे अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. किल्ल्याचा बाह्य खंदक मोकळा करायचा, तर या मार्गाचा एक तुकडा काढावा लागेल. आणि तो लंडनहून वायव्येकडे जाणारा प्रमुख मार्ग असून त्यावरून रात्रंदिवस गाड्या धावतात. किल्ल्याच्या मूळ दरवाजाच्या जागी संशोधकाला उत्खनन करायचे झाल्यास आज रेल्वेची परवानगी घ्यावी लागेल.